कोंडा कुणाच्या वाट्याला?

परवाचीच गोष्ट. रात्रीची जेवणं चालली होती. भात, बोंबलाचं कालवण, थोडी वालाची भाजी. माझी लेक पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीला घरी आली की तिचा अभ्यास ताटापर्यंत येतो. घास हातात धरूनच ती म्हणाली, "आजी, तुला ठाऊक आहे? डुकराच्या पोटात कोंडा कसा पचतो ते आज आम्हाला शिकवलं."

"शी गो!" सासूबाईंनी ताटच जरा मागे ओढलं. "जेवताना डुकराचं नाव नको घेव!"

सगळे हसले. मीही हसले. काल्हेरच्या आमच्या जुन्या घराच्या मागून खाडीकडे एक वाट जाते. तिथे उकिरड्यावर डुकरं सदाच लोळत असतात. आम्ही नाकाला पदर लावून पुढे जातो. डुक्कर म्हटलं की घाण, एवढंच आपल्या डोक्यात. पण पोरगी गप्प बसणारी नव्हे. ती म्हणाली, "हसा तुम्ही. पण युरोपात गाभण डुकरिणीला रोज पुरेसा चोथा खायला द्यायचा असा कायदा आहे. आपल्याकडे गरोदर बाईसाठी कुठे आहे असा कायदा?"

मैत्रिणींनो, माझं हसू तिथेच थांबलं. कारण त्याच दिवशी सकाळी तुळशीशेजारच्या कुंडीत मला लाल गोळ्या सापडल्या होत्या. एक-दोन नाही, चांगल्या दहा-बारा. पाणी घालताना वरची माती वाहून गेली आणि त्या वर आल्या. आमच्या पुतणसुनेला सातवा महिना चालू आहे. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या ती रोज रात्री पाण्याबरोबर 'घेत' होती. घरात सगळ्यांना वाटत होतं की त्या पोटात जातात. त्या जात होत्या मातीत.

मी कुणाला काही बोलले नाही. कारण तिने तसं का केलं, ते मला विचारायची गरजच नव्हती. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. फरक इतकाच की माझ्या गोळ्या कुंडीत नाही, गोठ्यामागच्या खाचरात जायच्या.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगते. गोळ्या सुरू झाल्या आणि माझं पोट साफ होईना. दोन-दोन, तीन-तीन दिवस नाही. झालं तर खडा, आणि रक्त. एवढ्या मोठ्या एकत्र कुटुंबात हे सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगायची लाज. सासूला सांगायची भीती. दवाखान्यात तपासायला पुरुष डॉक्टर आणि मागे बायकांची रांग, तिथेही तोंड उघडलं नाही. मग मीच उपाय शोधला. गोळी बंद! पोटाला जरा आराम पडला. पण बाळंतपणात रक्त गेलं, आणि अंगात आधीच रक्त नव्हतं. रात्री अडीच वाजता दीर कशेळीच्या पुलावरून गाडी पळवत ठाण्याला गेले, रक्ताच्या दोन बाटल्या आणल्या, म्हणून मी आज हे लिहायला बसले आहे. लेक तेव्हाचीच. तिला हे ठाऊक नाही. रविवारी पेपरात वाचेल.

म्हणून त्या रात्री भांडी आवरल्यावर मी लेकीला म्हटलं, "ये, बस. सांग मला ते डुकराचं."

तिने सांगितलं ते मला जसं कळलं तसं तुम्हाला सांगते. धान्याचं साल, कोंडा, भाजीचे दांडे, शेंगांची टरफलं यात जो चोथा असतो, त्यालाच पेपरात आपण तंतुमय पदार्थ किंवा फायबर म्हणून वाचतो. हा चोथा पचवायचा पाचकरस डुकराच्या पोटात तयार होत नाही. माणसाच्याही नाही. गाय-म्हशीच्याही नाही! मग म्हैस कडबा खाऊन दूध कशी देते? तर तिच्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतात. ते कडबा कुजवतात, आंबवतात आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर म्हैस जगते. म्हशीचं हे आंबवायचं पिंप पोटाच्या सुरुवातीलाच असतं. म्हणून ती निवांत बसून रवंथ करते.

डुकराचं पिंप मागे असतं, मोठ्या आतड्यात. आधी जठर, मग लहान आतडं. तिथे पिठूळ, गोड, तेलकट असं सगळं पचून अंगात जातं. उरलेला चोथा पुढे मोठ्या आतड्यात ढकलला जातो. तिथले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. त्यातून तीन आम्लं तयार होतात: अॅसिटिक, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलं, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. ही आम्लं आतड्यातून रक्तात शोषली जातात आणि जनावराला ताकद मिळते. पिल्लाला हे फारसं जमत नाही, मोठ्या डुकरिणीला चांगलं जमतं. तिचं आतडं मोठं, अन्न तिथे जास्त वेळ थांबतं आणि जिवाणूंची वस्तीही मुरलेली.

आणि कायद्याचं काय? गाभण डुकरिणीला तिकडे मोजून-मापून खायला घालतात. फार चरबी चढली तर वेताला त्रास होतो म्हणून. पण मोजकं खाऊन तिची भूक भागत नाही. मग ती अस्वस्थ होते, पिंजऱ्याचे गज चावत बसते. त्यावर उपाय सापडला तो चोथ्याचा. भरड, तंतुमय खाद्य दिलं की पोट भरल्यासारखं वाटतं, चघळायला मिळतं आणि जनावर शांत होतं. युरोपीय संघाच्या 2008 सालच्या निर्देशात हे चक्क लिहिलेलं आहे. गाभण डुकरिणीची भूक भागावी आणि तिची चघळायची गरज पुरी व्हावी म्हणून तिला पुरेसं भरड किंवा तंतुमय खाद्य द्यायलाच हवं. डुकरीण गाभण राहते ती तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. तेवढ्या दिवसांत तिचं पोट कसं आहे याची काळजी घ्यायला अख्ख्या संघाने कायदा केला. आपण नऊ महिने आणि नऊ दिवस काढतो, तेव्हा "पोट साफ होतं का गं?" असं साधं विचारणारं माणूस घरात असतं का?

पचनाच्या बाबतीत माणूस गायीपेक्षा डुकराच्या जवळचा आहे, हे ऐकून सासूबाईंना राग आला. पण ते खरं आहे. आपलंही पिंप मागेच, मोठ्या आतड्यात. म्हणून तर माणसाच्या आहाराचे कितीतरी प्रयोग आधी डुकरांवर होतात. आपल्या अंगात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, असा शास्त्रज्ञांचा 2016 सालचा हिशेब आहे. म्हणजे शरीरातल्या पेशी जितक्या, साधारण तितकेच. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपण खाल्लेल्या चोथ्यावर ते जगतात आणि बदल्यात तीच ती आम्लं देतात. त्यातलं ब्युटिरिक आम्ल फार मोलाचं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपली सुमारे 70 टक्के ताकद त्यातून मिळवतात. म्हणजे आपण चोथा खाल्ला नाही की हे जिवाणू उपाशी, आणि त्यांच्यामागे आपलं आतडंही उपाशी. ताट भरलेलं, पोट भरलेलं, आणि आत उपासमार!

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये एक छान अभ्यास प्रसिद्ध केला. दोन एकत्र कुटुंबं घेतली, एकाच छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्या, आणि त्यांच्या पोटातले जिवाणू तपासले. वयाप्रमाणे त्यांच्यातलं प्रमाण बदलत जातं असं दिसलं. आपल्या भारतीयांच्या पोटात 'प्रिव्होटेला' नावाच्या जिवाणूंची वस्ती मोठी असते. धान्य-भाजी जास्त खाणाऱ्यांचा हा सोबती. गंमत म्हणजे डुकराच्या पिल्लाचं दूध तुटून ते धान्यावर आलं की त्याच्याही पोटात हेच जिवाणू वाढतात. आपण बाळाचं उष्टावण करतो, भाताचं पहिलं शित त्याच्या तोंडात घालतो. त्या दिवसापासून आपण एका बाळाला नाही, त्याच्या पोटातल्या अख्ख्या गावाला जेवू घालायला लागतो.

मग त्या गावाला आपण काय घालतो?

काल्हेरचंच बघा. आज गोदामं, उंच इमारती, मेट्रोचे खांब. पण सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घराच्या पायरीपासून भाताची खाचरं होती. खाडीच्या बाजूच्या खाऱ्या जमिनीत राता पिकायचा, तांबड्या दाण्याचा. भात घरीच उखळात कांडायचा. मुसळाच्या घावाने तूस निघायचं, पण दाण्यावरचा कोंडा सगळा निघायचा नाही. तसाच तांबूस भात सगळे खायचे. पुढे भातगिरणी आली. बायकांच्या हातांचे घट्टे गेले, हे फार बरं झालं. कांडपाच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांनी एक दिवस मुसळ धरून दाखवावं! पण गिरणीने तूस काढलं तसा कोंडाही काढला. पांढरा तांदूळ प्रतिष्ठेचा झाला. तांबडा भात पाहुण्यापुढे ठेवायची लाज वाटायला लागली. कोंडा गेला म्हशीला, कोंबड्यांना, डुकरांना. गोव्या-कोकणात घरोघर डुकरं पाळायची, त्यांचं खाणं हेच: कोंडा, तांदळाचं धुवण, उरलंसुरलं, फळांची सालं. गोव्यातल्या 'आगोंदा गोवन' या गावठी डुकराची तर आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली आहे. ही गावठी जनावरं असल्या भरड खाण्यावरच तगून राहिली.

दाण्यावरचा कोंडा गेला की काय जातं, हे जगाला शिकवलं ते कोंबड्यांनी. 1890 च्या दशकात जावा बेटावर आयकमन नावाचे डच डॉक्टर काम करत होते. पांढरा पॉलिशचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात, हे त्यांनी पाहिलं. कोंड्यातलं ते जीवनसत्त्व पुढे 'ब-1' म्हणून ओळखलं गेलं आणि 1929 साली आयकमन यांना नोबेल मिळालं. चोथ्याचं महत्त्व कळायला आणखी वेळ लागला. युगांडात काम केलेले आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट 1970 च्या दशकात जगाला सांगू लागले की भरपूर चोथा खाणाऱ्या खेड्यांत बद्धकोष्ठ, मूळव्याध, आतड्याचे आजार फार कमी दिसतात. तोवर चोथा म्हणजे टाकाऊ, असंच शिकलेले लोकही समजत होते.

आता थोडा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये आपल्या अन्नधान्याचे तक्ते प्रसिद्ध केले. 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू असतात 2.8 ग्रॅम. मैद्यातही तेवढेच. ज्वारीत 10 ग्रॅम, नाचणीत 11, बाजरीत साडेअकरा, सालासकट दळलेल्या कणकेत 11. अख्ख्या मुगात 17, हरभऱ्यात 25. आणि मोठ्या माणसाला दिवसाला लागतात किती? जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं, निदान 25 ग्रॅम. म्हणजे एखादीने दिवसभरात 300 ग्रॅम पांढरा तांदूळ शिजवून खाल्ला, तरी तिच्या पोटात साडेआठ ग्रॅमच तंतू गेले. बाकीचे भाजी-डाळीतून यायला हवेत.

आणि इथेच माझं खरं म्हणणं सुरू होतं. भाजी-डाळ बाईच्या ताटात येते किती?

आपल्या घरातली रीत आठवा. आधी पुरुष जेवणार, मग मुलं, मग म्हातारी माणसं. शेवटी आपण. पातेल्यात तोवर काय उरतं? भात उरतो. कालवणाचं पाणी उरतं. भाजी खरवडलेली असते. "मला काय, रस्साभात पुरे" असं म्हणत आपण बसतो. वर म्हणतो, मला भाजी आवडतच नाही! अगं, वीस वर्षं ती वाट्यालाच आली नाही, तर आवडेल कुठून? सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी रस्साभात, संध्याकाळी पुन्हा चहा आणि बटर. पोटातल्या त्या गावाला दिवसभर मैदा. म्हशीच्या आंबोणात चोथा किती हे आपण बघतो, नाहीतर दूध घटतं. बाईचं काही घटलं तर मोजणारं कोण?

गोदामात कामाला जाणाऱ्या बायकांचे हाल तर विचारू नका. आमच्या आजूबाजूच्या गावांतून शेकडो जणी पॅकिंगच्या कामाला जातात. शेजारची एक सांगत होती, "वहिनी, आम्ही पाणीच पीत नाही. प्यायलं तर जायचं कुठे? संडास आहे तो पुरुषांच्या बाजूला, कडी नाही." म्हणजे चोथा नाही, पाणी नाही आणि आलेली धरून ठेवायची. मग खडा होणार नाही तर काय होणार? हा आहाराचा प्रश्न आहे तितकाच कडीचाही प्रश्न आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नुसतं "बायकांनो, सॅलड खा" असं सांगणारे लेख वाचून मला कंटाळा आलाय.

पोट साफ होत नाही म्हणून आपण करतो काय? मिश्री! सासूबाई पन्नास वर्षं लावतात. "मिश्री लावल्याबिगर पोट नाय उघडत गो माजा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या आईने शिकवलं, आईला तिच्या सासूने. तव्यावर भाजलेली तंबाखू दातांवर चोळली की आतडी हलतात, यात खोटं काही नाही. पण ती तंबाखू आहे, बायांनो! तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर आणि टूथपेस्टवर सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? मुंबईतल्या बाराशेहून जास्त गरोदर बायकांचा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी निघाली. तोंडाच्या कर्करोगाचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे. एका भाकरीचा आणि वाटीभर भाजीचा प्रश्न आपण तंबाखूने सोडवत आलो. का? तर भाजी मागायला तोंड उघडावं लागतं, मिश्रीला लागत नाही.

आता लोहाच्या गोळीकडे येते. आपल्या महाराष्ट्रात 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत 54 जणींच्या अंगात रक्त कमी सापडलं. निम्म्याहून जास्त! गोळ्या सरकार फुकट देतं. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे 180 दिवस. पण गोळी देताना तिच्याबरोबर जे बोलायला हवं, ते बोललं जात नाही. गरोदरपणात आतडी मुळातच संथ होतात. वर गोळीतलं न शोषलेलं लोह आतड्यात राहतं आणि खडा होतो. शौचाचा रंग काळपट होतो, तो बघून काहीजणी घाबरतात. घाबरायचं काही नाही, तो लोहाचा रंग. पण हे सांगितलं नाही की ती बाई गोळी कुंडीत टाकते. तिला मूर्ख म्हणू नका. तिच्या पोटाने तिला जे सांगितलं ते तिने ऐकलं. आपण कुणी तिचं ऐकलं नाही.

लेक माझी हुशार. मी म्हटलं, "मग उद्यापासून तिला चमचा-चमचा कोंडाच देते." ती म्हणाली, "आई, तेही नको. नुसता कोंडा भरपूर खाल्ला तर त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोहालाच धरून ठेवतं." फायटेट डुकरालाही नडतं, त्याला धान्यातलं फॉस्फरस मिळत नाही. म्हणून डुकराच्या खाद्यात फायटेज नावाचं विकर मिसळतात. मी विचारलं, मग आपल्यासाठी काय? तर म्हणाली, "तू करतेस तेच. मटकीला मोड आणतेस. आंबोळीचं पीठ आंबवतेस. मोड आले, पीठ आंबलं की फायटेट कमी होतं." बघा म्हणजे! आपल्या आज्यांनी 'कोंड्याचा मांडा' केला म्हणतात तो असा. शाळेत न जाता त्यांना ठाऊक होतं. फक्त तो मांडा आधी कुणाच्या ताटात वाढायचा, तिथे त्या चुकल्या. आपणही चुकतोय.

काही जणी म्हणतील, भाकऱ्या बडवायला वेळ कुठे आहे? खरं आहे. भाकरी म्हणजे पुन्हा बाईचंच काम. "पूर्वीचं खा" म्हणणारे सगळे पाटावर बसून म्हणतात, चुलीपुढे बसून नाही. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ज्यांनी जास्त वेळ नको, पैसा नको, अशा गोष्टी आधी करू. कणीक चाळून टाकलेला कोंडा पिठात परत घालू. डाळीऐवजी आठवड्यातून तीनदा अख्खे मूग, मटकी, चवळी. पेरू, चिकू, केळं. ओट्सची पाकिटं हवीत कशाला? पाणी प्यायचं. पाण्याशिवाय चोथा म्हणजे खडा आणखी घट्ट. आणि एकदम सगळं सुरू करायचं नाही. पोटात गुबारा धरतो. आतल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. डुकराचंही खाद्य बदलताना हळूहळूच बदलतात! लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. त्रास झाला तर आशाताईला, नर्सबाईला, डॉक्टरांना सांगायचं. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, पोट मऊ करायचं औषध देता येतं. आपल्या मनाने बंद करायची नाही. शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर चूर्णावर भागवायचं नाही. दाखवायचं. लाजायचं नाही.

आणि सगळ्यात आधी करायची गोष्ट, ताट. पातेलं चुलीवरून उतरलं की आधी आपल्या वाटीत भाजी काढून ठेवायची. गरोदर बाईच्या वाटीत तर सगळ्यात आधी. यात पाप नाही. घरातली म्हैस गाभण राहिली की तिचं आंबोण वेगळं काढतो ना आपण? मग!

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पुतणसुनेजवळ जाऊन बसले. कुंडीबद्दल काही विचारलं नाही. आधी माझं सांगितलं. गोठ्यामागचं खाचर, तीन-तीन दिवस, रक्त, रात्रीचा कशेळीचा पूल, दोन बाटल्या, सगळं. ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "काकी, तुम्हालाही व्हायचं?" एवढं एकच वाक्य. पण ते बोलताना तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. चार महिने ती हे एकटी घेऊन बसली होती.

आम्ही दोघी मिळून दवाखान्यात गेलो. मी स्वतः बाईंना सांगितलं काय होतंय ते. बाईंनी नीट ऐकलं, तिचं रक्त तपासलं, औषध लिहून दिलं, गोळी कशी घ्यायची ते समजावलं. पाच मिनिटांचं काम होतं. वीस वर्षांपूर्वी ती पाच मिनिटं माझ्यासाठी कुणाला सुचली नाहीत. मलाही नाही.

आता घरात थोडा बदल झालाय. रात्री सगळे एकत्र जेवायला बसतात. दिरांना आधी अवघडल्यासारखं झालं, चार दिवसांत सवय झाली. सासूबाईंची मिश्री सुटलेली नाही. पन्नास वर्षांची सवय, एका लेखाने सुटणार नाही, हे मला कळतं. पण सकाळी त्या तवा तापवायला लागल्या की नात त्यांच्यापुढे पेरूच्या फोडी आणून ठेवते. त्या म्हणतात, "काय गो, मी काय डुकरीण हाय?"

नात म्हणते, "आजी, डुकरिणीसाठी कायदा आहे. तुझ्यासाठी मी आहे."

सासूबाई हसतात. आणि दोन फोडी खातात.